एकशे सत्तावीस ग्रॅम

मुकुंदकाका तासगावकरांनी पहिल्याच भेटीत मला माझी उंची विचारली. मी त्यांच्या शेजारचं घर नुकतंच घेतलं होतं, टेम्पोतून कपाट उतरत होतं, आणि मला वाटलं, हे गृहस्थ कपाट दारातून जाईल की नाही याची काळजी करतायत. मी म्हटलं, एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि एखाद्या ज्योतिषाला राजयोग सापडावा तशा चेहऱ्याने सांगितलं, "म्हणजे बरोब्बर वीस मिलिमीटर. अपूर्णांक उरत नाही. अशी माणसं कमी भेटतात हो."

विश्रामबागेत घर घेऊन मी वीस मिलिमीटरचा झालो, तो असा.

नंतर उलगडा झाला. काका रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायच्या कामावर होते. पस्तीस वर्षं हातोडी घेऊन एकेक चाक ठोकून बघितलं आणि निवृत्त झाले. आता ते तेच डबे घरी बनवतात, सत्याऐंशी पट लहान. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू दिसली की ते आधी तिला सत्याऐंशीने भागतात. काकूंची पोळी दोन मिलिमीटर. आमची गल्ली सात सेंटिमीटर रुंद. माझी स्कूटर रुळावर ठेवली तर डब्याच्या चाकाखाली चेपेल, हेही त्यांनी मला प्रेमाने सांगितलं आहे.

खेळण्यातली रेल्वे म्हटलेलं त्यांना चालत नाही. खेळणं म्हणजे जे साधारण असतं ते. आणि "साधारण" या शब्दाशी त्यांचं वैर आहे. कुणी म्हणालं, साधारण पाच वाजता येतो, की काका विचारतात, "साधारण म्हणजे किती?" मी कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्याकडे पाच-पन्नास वर्षं इकडची तिकडे झाली तरी कुणी मरत नाही, कारण ते सगळे आधीच मेलेले असतात. तेव्हा आमचं दोघांचं कसं जमत असेल याची तुम्ही कल्पना करा. साधारण.

बाजारात छोटे रूळ तयार मिळतात, पण ते परदेशी रुंदीचे, साडेसोळा मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज भागून बघितली तर एकोणीस पूर्णांक सव्वीस शतांश येते. दुसरा कुणी म्हणाला असता, चालतंय. काकांनी सगळे रूळ कानशीने घासून घडवले, पुठ्ठ्यासारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे रुळांखालचे स्लीपर कापले आणि स्वतः बसवले. त्याला दीड वर्ष गेलं. ते रूळ त्यांच्या मागच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत जातात आणि संपतात. गाडी कुठेच पोचत नाही. पण ती जिथे पोचत नाही, तिथे अगदी बिनचूक मापात पोचत नाही.

डब्याला बाहेरून रिव्हेट असतात, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी. ती उठवायला काका पातळ पत्रा उलटा ठेवून मागून सुईने टिचक्या देतात, पट्टी लावून, एकेक. एकदा मी मध्येच शिंकलो. एक रिव्हेट सरकलं. काकांनी तो पत्रा कात्रीने कापून कचऱ्यात टाकला आणि मला चहा विचारला. तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

डब्यावर चढताना धरायच्या दांड्या बसवायला केसाएवढं भोक पाडायचं छोटं ड्रिल आहे, ते दोन बोटांत धरून फिरवायचं. वरच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथे, व्हर्निअर कॅलिपर. चटकन चिकटणाऱ्या गोंदाने ते एकदा अंगठ्याला चिमटा चिकटलेल्या अवस्थेत दूध घ्यायला फाटकापर्यंत आले होते, आणि दूधवाल्याकडून पिशवी त्या चिमट्यानेच घेतली. डब्यावर बसवायची धूळ ते यार्डाजवळून आणतात आणि काकूंच्या मैद्याच्या चाळणीने चाळतात. काकू म्हणतात, "सप्तपदीलासुद्धा हे पावलं मोजून टाकत होते. भटजी सहावर पोचले तरी हे पाचवरच."

पण या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचं काय, तर वजन. हलका डबा वळणावर घसरतो, जड डबा ओढला जात नाही. लांबीच्या हिशेबाने काकांच्या बंद डब्याचं वजन यायला हवं एकशे सत्तावीस ग्रॅम. त्यासाठी डबा सोनाराकडच्यासारख्या नाजूक काट्यावर ठेवायचा आणि वाटीतले छर्रे, तुटके स्क्रू, फुटके मणी, जे हाताला लागेल ते, आत लांबीच्या, म्हणजे खिडकीच्या काचा बसवायला लावतात त्या लगद्याच्या, गोळ्यात दाबत जायचं. काकांचे डोळे त्या वेळी फक्त काट्याच्या आकड्यावर. एकशे सत्तावीस झालं, की छप्पर चिकटवून डबा कायमचा बंद.

आता गोष्ट घडली ती.

काकूंचं माहेर औंधचं. त्यांच्या आईच्या मोत्यांच्या कुड्या त्यांच्याकडे आहेत, कानात घालायच्या, सात-सात मोत्यांच्या. काकू त्या फक्त यमाईच्या दर्शनाला आणि घरच्या लग्नाला घालतात. गेल्या महिन्यात साताऱ्याला भाच्याचं लग्न निघालं, काकूंनी डबी उघडली, तर डबी रिकामी. कपाट उपसलं, गाद्या उचलल्या. नाहीत.

त्या घरात बाहेरचं म्हणून येणारं माणूस एकच. यल्लव्वा. जतकडची, बारा वर्षं काकूंकडे भांडी-फरशी करते. तिच्यावर काकूंचा संशय होता असं मी म्हणणार नाही, आणि काकूही म्हणणार नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की कपाट पुसताना तुला काही दिसलं का गं. यल्लव्वाने हातातलं फडकं पिळलं, दोरीवर नीट पसरलं आणि म्हणाली, "बघा घरात. सापडंस्तोर मी येत न्हाई." आणि गेली.

ही शुक्रवारची गोष्ट. शनिवारी दुपारी काकांनी मला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या पाच छोट्या वाट्या ओळीत मांडल्या होत्या आणि काका सहाव्या वाटीकडे बघत होते. ती त्यांच्या कामाच्या टेबलावरची, वजनाच्या सटरफटर मालाची वाटी.

"माझ्या वाटीला काठावर पोचा होता," काका म्हणाले. "हिला नाही. पोचा असलेली स्वयंपाकघरात सापडली."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी काकू औंधहून दमून आल्या, कुड्या काढून वाटीत ठेवल्या, वाटी जेवणाच्या टेबलावर. त्या वेळी काकांचं काम मागच्या खोलीतून सांडून जेवणाच्या टेबलापर्यंत आलं होतं. दोन वाट्या, एकाच संचातल्या, शेजारी शेजारी. काकांनी काम उचललं तेव्हा वाटी चुकीची उचलली, टेबलावर पसरलेला आपला माल तिच्यात भरला, आणि त्यांची रिकामी वाटी स्वयंपाकघरात गेली. काकूंना वाटत राहिलं, की कुड्या डबीत ठेवल्या. तेव्हापासून काकांनी नऊ डबे बंद केले होते.

ते नऊ डबे खिडकीखाली उभे होते. बारीक गंज, दारावरचे अक्षरी शिक्के, खडूच्या खुणा. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच हुशारी केली. म्हटलं, वजन करू या, ज्यात कुड्या असतील तो वेगळा भरेल.

काकांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. "सगळे एकशे सत्तावीसच भरणार. मी तेवढेच भरेपर्यंत घालतो."

आयुष्यभराच्या काटेकोरपणाने त्यांचा असा मामा केला होता. जरा गचाळ माणूस असता तर पाच मिनिटांत सुटला असता.

मी हलवून बघू म्हटलं, तर सगळं लांबीत घट्ट. लोहचुंबक म्हटलं, तर लोखंड सगळ्यांतच. मग मला खरी अक्कल सुचली. माझा एक दातांचा डॉक्टर मित्र आहे, त्याच्याकडे एक्स-रेचं यंत्र आहे. नऊ डबे घेऊन जाऊ, दाढा समजून फोटो काढू. काकांचा चेहरा क्षणभर उजळला. मी फोन लावला. मित्र गावाला गेला होता, सोमवारी सकाळी येणार होता.

"झालं तर मग," मी म्हटलं. "दोन दिवसांचा प्रश्न. नऊ डबे वाचतात."

काका उठले. खणातून नवं पातं काढलं, सुरीला लावलं आणि पहिला डबा हातात घेतला.

"काका, सोमवारी..."

"सोमवारपर्यंत ती बाई घरी बसून काय करेल?" काका म्हणाले, आणि छपराच्या जोडावर पातं टेकवलं.

तुम्ही ते बघायला हवं होतं असं मी म्हणेन, पण खरं तर बघवत नव्हतं. एकेका डब्याला दोन-तीन महिने लागलेले असतात, आठ-दहा डबे बरोबरच चालू असतात. आणि ते छप्पर सुटताना कडेचे रिव्हेट घेऊनच सुटत होतं. पहिल्यात छर्रे. दुसऱ्यात छर्रे, एक बटण. तिसऱ्यात काहीच नाही, म्हणजे काहीच कामाचं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, राहू द्या हो. काकांनी ऐकलं नाही. चौथ्यात लांबीच्या गोळ्यातून एक पांढरा ठिपका डोकावला. काकांनी तो चिमट्याने असा काढला, की एकही मोती सुटला नाही.

एक कुडी. मला वाटलं, संपलं. पण दुसरी पाचव्यात नव्हती, सहाव्यात नव्हती, सातव्यात आणि आठव्यातही नव्हती. ती निघाली नवव्यात. नशिबालाही त्या दिवशी काटेकोरपणाची हौस आली होती.

काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, मग पदर डोळ्यांना लावला. मी मात्र त्या उघड्या डब्यांत बघत होतो. प्रत्येक डब्यात, आतल्या भिंतीवर, छप्पर बंद झाल्यावर जे कुणालाच कधी दिसणार नव्हतं तिथे, पेन्सिलीच्या मुंगीएवढ्या अक्षरात एकच नाव होतं. सिद्राम. नऊही डब्यांत सिद्राम.

मी विचारलं, हे कोण? काकांनी चपला घातल्या. "आधी यल्लव्वाकडे."

आम्ही तिघे गेलो, रुळापलीकडच्या वस्तीत, भर उन्हात. यल्लव्वा दारात लसूण सोलत होती. काकांनी रुमालातल्या कुड्या तिच्यापुढे धरल्या, जणू तिच्याच होत्या, आणि सगळं सांगितलं. वाटीचं, पोच्याचं, नऊ डब्यांचं. चूक माझी, म्हणाले. काकू म्हणाल्या, मी तुला विचारायला नको होतं गं.

"इचाराया काय झालं?" यल्लव्वा म्हणाली. "घरात वस्तू जाती, तवा इचारावंच लागतंय. पर काकू, तुमी इचारताना माज्याकडं बघितलं न्हाई. भिताडाकडं बघितलं. त्ये लागलं."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ. मग त्या तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या आणि लसूण सोलायला लागल्या. बोलणं पुन्हा सुरू झालं ते लसणाच्या भावावरून. यल्लव्वाने मान वर करून काकांना विचारलं, "आन् नऊच्या नऊ फोडलं? लय नाद हुता की तुमाला त्येंचा." काका म्हणाले, पुन्हा करीन, हात चालतायत अजून.

परतताना रुळाच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबलो तेव्हा काकांनी सिद्रामचं सांगितलं. मी पुन्हा न विचारता. सिद्राम त्यांच्या हाताखालचा रोजंदारीवरचा खलाशी, रेल्वेत मदतनिसाला तसंच म्हणतात, जतच्या पुढच्या गावचा. एकदा चाक मोजायचं पितळी माप हरवलं. त्याला कुणी चोर म्हटलं नाही. सगळे नुसते त्याच्याकडे बघायचे थांबले. तिसऱ्या दिवशी तो गावाला निघून गेला. पाचव्या दिवशी काकांना ते माप स्वतःच्याच जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, तळाशी सापडलं. त्यांनी ते गुपचूप कपाटात ठेवून दिलं. लोक म्हणाले, बरं झालं, मिळालं, आणि विषय संपला. सिद्रामला कुणी कळवलं नाही.

"पाचच दिवस," काका म्हणाले. "मी दोन दिवस आधी पिशवी झटकली असती तर." मालगाडी गेली. प्रथमच असं झालं, की त्यांनी डबे मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काका घरी नव्हते. काकूंनी सांगितलं, की यांनी रात्रीच यल्लव्वाला निरोप धाडला होता, पहाटे ती आली होती, जतची एसटी कुठे थांबते ते दाखवायला यांना घेऊन गेली. संध्याकाळी काका आले तेव्हा मी फाटकाशीच उभा होतो. कपडे धुळीने भरलेले, पण चेहरा एखाद्याचं प्लॅस्टर काढल्यावर होतो तसा.

"भेटला?" मी विचारलं.

"भेटला. मेंढरं राखतो. भाकरी खायला घातली मला."

"आणि मापाचं सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, साहेब, मी तर कवाच इसरलो ते."

काकांनी फाटकाची कडी लावली, हात झटकले.

"खोटं बोलत होता," ते म्हणाले. "पण पुन्हा ये म्हणालाय."