पाठीवरचा उद्देश

एका जंगलात एक नदी होती आणि तिच्यावर पूल नव्हता. मंजूर मात्र होता, बाळांनो. दर पावसाळ्याआधी मंजूर व्हायचा.

त्यामुळे रंगराव रेड्याचा धंदा जोरात चालायचा. कोणीही यावं, गवताची एक पेंढी द्यावी, त्याच्या पाठीवर बसावं आणि पलीकडे उतरावं. रंगरावाला दुसरं काही येत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

एके दिवशी लांबच्या तळ्यावर शिकून आलेला एक बगळा त्याच्या पाठीवर उतरला.

"रंगराव, तुमच्या धंद्याचा सामाजिक उद्देश काय?"

रंगरावाने कान हलवले. "पेंढी," तो म्हणाला.

बगळ्याने डोळे मिटून घेतले. शिकलेले लोक असंच करतात. "पेंढी हा मोबदला झाला. अहो, तुम्ही काठ जोडता, मनं जोडता. तुम्हालाच ते ठाऊक नाही."

रंगरावाला भरून आलं. आपण एवढे थोर आहोत हे इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही, असं त्याला वाटलं.

मग सात दिवस विचारमंथन झालं. आठव्या दिवशी बगळ्याने रंगरावाच्या काळ्या पाठीवर चुन्याने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'काठ जोडू, मनं जोडू'. माकडांनी टाळ्या वाजवल्या. खारींनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले.

तेवढ्यात हिरा शेळी धापा टाकत आली आणि तोंडातली पेंढी तिने खाली ठेवली. "रंगरावदादा, चला लवकर. पलीकडे माझी लेक अडलीये. पहिलंच बाळंतपण आहे तिचं."

रंगराव सवयीने गुडघे टेकू लागला.

"थांबा," बगळा म्हणाला. "बाई पाठीवर बसल्या तर अक्षरं पुसतील."

"मग शेपूट धरून येते."

"पाण्यात शिरलं तरी चुना जाणारच."

"मग मी जायचं कसं?"

"त्यावरच आम्ही शिबिर घेतोय. काठ कसे जोडावेत, हाच विषय आहे."

रंगराव ओशाळला. "हिराक्का, मला यायचंय गं. पण आता मी उद्देशवाला झालोय."

पलीकडून लेकीची हाक आली. हिरा चार पावलं मागे सरली, डोकं खाली घातलं आणि रंगरावाला मागून अशी धडक दिली, की तो नदीकडे उधळला. हिराने उडी मारून पाठ गाठली. पाणी पांढरंफटक झालं. आधी 'मनं' गेली, मग 'काठ' गेला, आणि रंगराव झकास पोहू लागला.

लेक सुखरूप सुटली. दोन करडं झाली. रंगराव त्या ओल्या करडांकडे बघत राहिला. त्याला फार छान वाटत होतं, पण ते सांगता येत नव्हतं. पेंढी अलीकडेच राहिली होती, तिची त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

वर्षाअखेरीस वनसभेने सामाजिक उद्देशाचा पुरस्कार बगळ्याला दिला. उद्देश विद्रूप केल्याबद्दल हिराला नोटीस गेली. रंगरावाचं नावही यादीत होतं म्हणे. पण परीक्षकांनी त्याची पाठ तपासली, तर तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तात्पर्य: बाळांनो, समाजासाठी काही करायचं असेल तर पाण्यात शिरू नये. पाण्यात शिरणाऱ्याच्या हातून नुसतं काम होतं.