वादळ तिकडे, पाणी इकडे

पूर कसा अडवायचा ते मला विचारा! खरंच विचारा. त्या दिवशी आमच्या गल्लीत माझ्याइतकी जय्यत तयारी कुणाचीच नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

वादळ होतं भर समुद्रात, इथून कुठल्या कुठे. टीव्हीवर ते अंगठ्याएवढं दिसायचं, भोवऱ्यासारखं गरगर फिरत. आपल्याकडे ते येणारच नव्हतं. पण त्याचं शेपूट आपल्यावरून जाणार, धो धो पाऊस पडणार आणि सखल भागात पाणी शिरणार, असं बातम्यांतली बाई सकाळपासून सांगत होती. तेही इतकं हसून, की जणू माहेरचं माणूस यायचंय!

नवरा कामावर अडकला होता. त्याचा फोन आला.

"अगं, आपलं घर तळमजल्यावर. जमेल ना तुला?"

"तू निवांत राहा. घरात पाण्याचा एक थेंब येऊ देणार नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा. नवऱ्यानं ठेवलं होतं.

तर तयारी. दाराबाहेर वाळूची पोती, त्यांवर प्लास्टिक. गाद्या कपाटावर, डबे ओट्यावर, कपडे पिशव्यांत आणि पिशव्या माळ्यावर. आणि मुख्य गोष्ट, जी अख्ख्या गल्लीत फक्त मला सुचली होती: पुराचं पाणी दारातून येण्याआधी मोरीतून वर येतं. तेव्हा घरातल्या प्रत्येक मोरीला बोळा! हे खातं मी सासूबाईंकडे दिलं.

"आई, एखादं जुनं फडकं घ्या आणि गच्च कोंबा. हवासुद्धा जाता कामा नये!"

"तू बघच," पदर खोचत त्या म्हणाल्या.

सगळ्यात आधी काय वाचवायचं, हे मात्र माझं पक्कं होतं. दागिने? कागदपत्रं? छे! हत्ती. आमची ठमी दीड वर्षाची आहे आणि हा कापडी हत्ती कुशीत असल्याशिवाय ती झोपत नाही. आणि ठमी झोपली नाही, की या घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. मी दुसरा हत्ती आणून पाहिला होता. तिनं त्याचा वास घेतला आणि त्याला खिडकीबाहेर भिरकावलं. हिला हवा हाच, दात येताना चघळून चघळून सोंड तुटलेला, एकच कान उरलेला. त्याचा रंग म्हणाल, तर लादी पुसल्यावर बादलीत उरतो तो!

एकदा धुऊन मगच याला पिशवीत भरू, म्हणून मी त्याला बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवलं आणि नळ सोडला. नळ कोरडा! वादळाच्या धास्तीनं पालिकेनं पाणी बंद करून टाकलं होतं. मग मी नळाला नळी लावली, तिचं टोक पिंपाच्या तळाशी सोडलं आणि नळ उघडाच ठेवला. पाणी आलं की पिंप आपोआप भरेल. आहे की नाही डोकं?

दुपारी ठमीचे डोळे पेंगुळले. हत्ती आणायला गेले, तर कट्टा रिकामा! बाथरूममध्ये एकवार नजर फिरवली, ठमीनं आत जाऊन पिंपाशी खेळू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि माळ्यावरच्या पिशव्या उपसायला स्टुलावर चढले. आमच्या लेकीनं जो सूर लावला, त्यात आकाश कोसळलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

"आत्ती! आत्ती!" ती बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवून रडत होती.

"हो गं माझी राणी, हत्तीच शोधतेय. आत्ता पाण्यात नाही खेळायचं हं!"

शेवटच्या पिशवीत माझं डोकं होतं, तेवढ्यात खालून सासूबाईंचा आवाज आला.

"अगं, माझे पाय का गं ओले लागतायत?"

खाली पाहिलं. बाथरूमच्या दाराखालून पाणी येत होतं. संथपणे, अगदी घरच्यासारखं!

"आलं! मोरीतून आलं!" मी ओरडले. खरं सांगते, घाबरण्याआधी क्षणभर मला आनंदच झाला. मी म्हटलंच होतं!

माझी आरोळी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी ऐकली. निवृत्त पी.टी. मास्तर, शिट्टी अजून गळ्यात. त्यांनी गॅलरीतून शिट्टी मारली आणि गर्जना केली, "पाणी शिरलं! सामान वर घ्या!" झालं! गाद्या, टीव्ही, शिलाई मशीन, शाळेची दप्तरं, सगळी गल्ली मास्तरांच्या जिन्यावर! मास्तरांनी अग्निशमन दलालाही फोन लावला.

बंब आला. एक मिशाळ जवान उतरला. त्यानं आधी कोरडा ठणठणीत रस्ता पाहिला, मग खिडकीतून मला पाहिलं. मी ठमीला कडेवर घेऊन घोटाभर पाण्यात उभी.

"पूर कुठाय?"

"आत!"

त्यानं पोती हटवली. पाणी पायऱ्यांवरून खळखळत रस्त्यावर गेलं.

"बाई, घरात पाणी शिरताना लई पाहिलं," तो म्हणाला. "घरातून निघताना आज पहिल्यांदाच बघतोय."

तो बाथरूममध्ये गेला. पिंप तुडुंब भरून चारी बाजूंनी वाहत होतं. पाणी कधीचंच आलं होतं! त्यानं नळ बंद केला, खाली वाकून मोरीत हात घातला आणि ओढलं. गुडुगुडुगुडु! पाणी भोवरा करून निघालं, आणि त्याच्या हातात...

"आत्तीऽऽ!" ठमी कडेवरून झेपावली.

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"मला वाटलं, पोतेरं आहे!"

"आई! तो हत्ती आहे!"

"मग त्याची सोंड कुठाय?"

जवानानं हत्ती उलटसुलट करून पाहिला. "कानावरून अंदाज येतो," तो म्हणाला. "बोळा मात्र पक्का बसला होता."

"गच्च कोंबायला हिनंच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. जरा अभिमानानंच.

संध्याकाळी खरा पाऊस आला. वादळाचं शेपूट असं काही आपटलं, की गल्लीची नदी झाली. समोरच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. पण त्यांचं सामान केव्हाच वर गेलेलं! "वहिनी, तुम्ही ओरडलात म्हणून वाचलो हो," समोरच्या काकू मास्तरांच्या गॅलरीतून म्हणाल्या. मी नम्रपणे मान हलवली. दुसरं काय करणार?

आमच्याकडे पाणी पायरीपायरीनं चढलं आणि वरच्या पायरीशी थांबलं. आमचं घर पायऱ्यांवर आहे, हे तयारीच्या गडबडीत माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं!

मी ओल्या लादीवर खुर्ची टाकून, पाय वर घेऊन बसले होते. ठमी मांडीवर गाढ झोपली होती. कुशीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला, अजून ठिबकणारा हत्ती, आणि त्याच्या उरल्यासुरल्या कानावर तिची मूठ घट्ट. फोन वाजला.

"काय गं, घरात पाणी आलं का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हत्तीकडे.

"छे रे," मी हळूच म्हणाले. "बाहेरून एक थेंबही नाही!"