पेंटरने काढलेला कुत्रा

पेंटरच्या अंगात परोपकार संचारला की पेंटरीणबाई आधी दाराला आतून कडी घालायच्या. या खेपेला उशीर झाला. माणूस सकाळी रंगाचा डबा आणायला गेला आणि येताना कुत्रा घेऊन आला. (डबा दुकानातच राहिला.)

"अगं, हरवलाय बिचारा. कोपऱ्यावर एकटाच फिरत होता."

"एकटे तर तुम्हीही फिरत होता. तुम्हाला नाही कुणी उचललं ते!"

कुत्रा म्हणजे देवाने उरल्यासुरल्या सामानातून जुळवलेला. एक कान फाटका, शेपूट मध्येच वाकडं, रंग जुन्या पायपुसण्याचा, आणि डाव्या डोळ्याने उजव्याशी अबोला धरलेला. पण गळ्यात लाल पट्टा होता. म्हणजे या ध्यानालाही कुणीतरी जीव लावला होता.

"पुन्हा हरवायला नको," म्हणत पेंटरने त्याला जिन्याच्या खांबाला बांधलं. दोर कुठला, तर ज्याच्यावर लटकून दोन माणसं तिसऱ्या मजल्याची भिंत रंगवतात तो. कुत्रा सोडाच, हत्तीनेही हात टेकले असते.

आता साधी माणसं काय करतात? फोटो काढतात, चार घरी विचारतात. पण इथे पडला कलावंत. "बोर्ड रंगवतो आणि चौकात लावतो," तो म्हणाला. "मालक धावत येतो की नाही बघ."

पंचवीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पाटीवर दुकानदाराचा चेहरा काढायचा तर टकलाला केस द्यायचे, पोट आत घ्यायचं, दात सरळ करायचे. गिऱ्हाईक खूश, पैसे रोख. हात तसा वळलेला. तो हात आता कुत्र्याला लागला. पहिल्या दिवशी फाटका कान शिवला गेला. दुसऱ्या दिवशी शेपूट सरळ होऊन वर गेलं. तिसऱ्या दिवशी अंगावर सोनेरी झुलपं आली आणि डोळ्यांचा समेट झाला.

"अहो, हा कोण?"

"हाच की."

"याचा कान फाटका आहे ना!"

"अगं, गिऱ्हाईकाचं व्यंग दाखवायचं नसतं. धंद्याचा नियम आहे."

"गिऱ्हाईक कोण? कुत्रा?"

पेंटर कुत्र्याच्या नाकावर चकाकी देत होता.

इकडे खऱ्या कुत्र्याने अन्न सोडलं होतं. पेंटरीणबाईंनी दूध ठेवलं, अंडं ठेवलं, शेवटी स्वतःच्या ताटातलं मटण ठेवलं. (पेंटरच्या ताटात त्या दिवशी रस्साच आला. कलावंताला कळलंही नाही.) कुत्रा वास घ्यायचा आणि गल्लीकडे तोंड करून कण्हायचा. तिसऱ्या दिवशी तर उठेचना.

"बोर्ड वाळायच्या आत कुत्रा वाळून जाईल हो! जीव गेला म्हणजे पाप कुणाच्या डोक्यावर?"

"आज बोर्ड लागतोय. संध्याकाळपर्यंत मालक दारात."

बोर्ड लागला. संध्याकाळपर्यंत दारात तिघे आले. एकाला तसलंच पिल्लू विकत हवं होतं. दुसऱ्याला स्वतःच्या सासऱ्याचं चित्र काढून हवं होतं, याच तजेल्यात. तिसरा म्हणाला, "कुत्रा माझाच आहे," आणि खांबाशी नेल्यावर म्हणाला, "हा नाही हो, तो बोर्डावरचा!" आणि वर पेंटरलाच दम दिला, की खरा कुत्रा कुठे लपवलाय?

"सकाळी डोळ्यांत जरा करुण भाव टाकतो," पेंटर विचारात पडून म्हणाला.

पेंटरीणबाईंनी रात्रभर दात आवळले. सकाळी त्या उठल्या, भाजी चिरायची सुरी घेतली आणि तो दोर कचाकच कापला.

"अगं, हरवेल ना तो!"

"बघू या."

मेल्यासारखा पडलेला कुत्रा उठला. अंग झाडलं आणि सरळ निघाला. पेंटरीणबाई मागे. भाजीवाली ओलांडली, पिठाची गिरणी ओलांडली, तिसऱ्या गल्लीत वळला आणि एका हिरव्या फाटकाला नाकाने ढकलून आत गेला. तीन दिवस त्या मुक्या जिवाला घरचा पत्ता तोंडपाठ होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आतून एक म्हाताऱ्या नर्सबाई अनवाणी धावत आल्या. कुत्र्याला पोटाशी धरून आधी रडल्या, मग त्याला शिव्या दिल्या, मग परत रडल्या.

"हरवला होता का हो?" पेंटरीणबाईंनी विचारलं.

"हा? हा हरवेल? सात वर्षं रोज सकाळी एकटा फेरी मारतो आणि नाश्त्याला घरी येतो. कुणा मुडद्याने दोरी लावून ओढत नेला! दूधवाल्याने लांबून पाहिलं. हे बघा, फाटकावर लावलंय."

फाटकावर वहीचा कागद होता. पेंटरीणबाईंनी अक्षर लावत वाचलं. 'कुत्राचोर. वय पन्नाशीचं. पोट पुढे, डावा खांदा खाली. चालताना स्वतःशीच बोलतो. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. दिसल्यास कळवा.'

सव्वीस वर्षांचा संसार चार ओळींत. चित्र नव्हतं. गरजही नव्हती.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी बोर्ड काखोटीला मारून, डावा खांदा पाडून, स्वतःशीच बोलत पेंटर अवतरला. "बघितलंत? लागला ना मालकाचा पत्ता बोर्डावरून!"

नर्सबाईंनी बोर्डाकडे पाहिलं. "हा तुमचा? काल याच्याचखाली उभी राहून रडले मी. म्हटलं, लोकांचे कुत्रे बघा कसे राजबिंडे, आणि आपलं ते वेडंविद्रं, तेही गेलं."

मग त्यांची नजर बटणांवर गेली. मग कागदावर. परत बटणांवर. कुत्रा त्यांच्या पायांमागे दडला.

पेंटरीणबाईंनी सुस्कारा टाकला आणि कागद ओढून काढला.

"सापडलाय, बाई," त्या म्हणाल्या. "माझाच आहे."

नर्सबाईंनी पेंटरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग असा मोकळा का सोडता हो?"