बटणांच्या पैशांना इस्त्री

"परदेशात पैशाचं कसं करायचं ते मला शिकवू नका!" कडकशेठनी विमानतळावरच जावयाला बजावलं.

जावई बिचारा एवढंच विचारत होता, की बाबा, कार्ड परदेशात चालेल असं बँकेला सांगून आलात ना?

"कार्ड आहे खिशात. पण कार्ड म्हणजे शेवटी काय हो, जावईबापू? प्लॅस्टिक! रोख ती रोख. हातात घेतली की कळते."

हाताचं त्यांचं खरं होतं. चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवलेला माणूस! डोळे मिटून कापड चाचपलं, तरी सुती की टेरिकॉट ते सांगायचे. त्यांच्या इस्त्रीखालून गेलेला सदरा खुर्चीवर ठेवला तर आत माणूस नसतानाही ताठ बसायचा. म्हणून तर सगळे त्यांना कडकशेठ म्हणत. खरं नाव फक्त बायको घेत असे, तेही रागावली तर. ती गेल्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभरात कडकशेठना त्यांच्या नावाने कोणी रागावलं नव्हतं.

रोख होती ती बायकोची. दुकानात त्यांचा ठरलेला नियम होता. इस्त्रीचे पैसे त्यांचे, तुटलेली बटणं आणि रफूचे पैसे तिचे. परदेशातल्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हापासून बायको बटणांचे पैसे साठवायला लागली. थोडे साठले की चलन बदलून देणाऱ्याकडे जायची, एखादी परदेशी नोट घ्यायची, तिची बारीक चौघडी करून डब्यात टाकायची.

"तिला मी खुर्ची घेणार," ती म्हणायची. "उंच पाठीची, हातांची. बाळाला पाजायला. मी तिच्या वेळी पलंगाच्या कडेवर बसून बसून पाठीचं वाटोळं करून घेतलं. तिचं नको व्हायला."

नात जन्मली, पण त्याआधीच आजी गेली. म्हणून कडकशेठ एकटेच आले. पंधरा दिवसांसाठी. लेकीने तीनदा सांगितलं, बाबा, जास्त राहा. तीनदा यांनी सांगितलं, दुकान बंद ठेवून चालत नाही, आणि लेकीच्या घरी फार दिवस पाहुणा म्हणून पडून राहू नये. खरं तर दुकानात आता पहिल्यासारखं काम राहिलं नव्हतं. बटणवाली गिऱ्हाइकं येतच नव्हती. पण ते कशाला सांगायचं?

पहिला आठवडा नातीला खेळवण्यात गेला. मग एका सकाळी जावई ऑफिसला गेला, लेक बाळाला घेऊन लसीला गेली, आणि कडकशेठनी ठरवलं, आज खुर्ची आणायची! कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत त्यांनी ती हेरून ठेवली होती. उंच पाठ, दोन हात, अगदी तिने सांगितल्यासारखी.

डबा उघडला. नोटा बाहेर काढल्या. काय त्यांची अवस्था! चौघडीवर चौघडी, प्रत्येक नोट आक्रसून बसलेली. टेबलावर पसरली की पुन्हा आपोआप मिटायची. असले चुरगळलेले पैसे घेऊन दुकानात जायचं? बायकोच्या वतीने? तिने आयुष्यात कोणाला चुरगळलेली नोट दिली नव्हती. गिऱ्हाइकाला सुटे द्यायचे असले, तरी आधी इस्त्रीखाली सरकवायची आणि मगच द्यायची. लोक हसायचे. हसू देत!

लेकीची इस्त्री कपाटात मिळाली. कडकशेठनी नोटा ओळीने मांडल्या. बोट फिरवलं. कशा गुळगुळीत! इकडचा कागद भारी असतो, ते मनाशी म्हणाले. वर ओला फडका घातला, नाजूक मालाला घालतात तसा. इस्त्रीचा काटा सुतीवर ठेवला आणि चाळीस वर्षांच्या सरावाने एक दणकट हात मारला. दुसरा मारला. तिसराही मारला, सवयीने.

मग फडका उचलला.

नोटा होत्या, पण केवढ्या? बसच्या तिकिटाएवढ्या! कडा आत वळलेल्या, आणि त्यांवरच्या त्या थोर माणसाचा चेहरा असा आखडलेला, जणू त्यालाच कोणीतरी उकळत्या पाण्यात टाकलं असावं. इकडच्या नोटा कागदाच्या नव्हत्याच; चाळीस वर्षं कापड ओळखणाऱ्या माणसाने प्लॅस्टिकला इस्त्री केली होती!

त्यांनी एक नोट दोन्ही हातांनी ताणून पाहिली. गरम पाण्यात भिजवून पाहिली. जाड पुस्तकाखाली ठेवून स्वतः त्या पुस्तकावर बसूनही पाहिलं. नोट काही वाढली नाही.

"हरकत नाही," ते स्वतःला म्हणाले. "कार्ड आहे."

रस्त्यापलीकडे बँक होती, बाहेर पैसे काढायचं मशीन होतं. कार्ड आत गेलं. मशीनने आकडा मागितला, आणि कडकशेठच्या लक्षात आलं, की आकडा बायकोला ठाऊक होता. खातं दोघांचं, पण पैसे काढायला नेहमी तीच जायची. तिने सांगितलाही असेल कधीतरी, इस्त्रीच्या वाफेत. ऐकलं कोणी?

विचार केला. बाईमाणूस काय लक्षात ठेवील? लग्नाचं साल! टाकलं. चुकलं. लेकीच्या जन्माचं साल! चुकलं. कडकशेठ थांबले. तिच्या आयुष्यात तिसरं मोठं साल कुठलं? त्यांना पटकन सांगता येईना. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून काढली, आणि तिसरं साल सांगता येईना! शेवटी त्यांनी दुकान काढल्याचं साल टाकलं.

मशीनने कार्ड गिळलं.

"ए! दे इकडे! बायकोचं आहे ते!" कडकशेठनी मशीनला थापट मारली. मग दोन मारल्या. आतून रखवालदार धावत आला. आपण चोर नाही, पैसेवाले आहोत, हे दाखवायला कडकशेठनी खिशातून नोटा काढून त्याच्यापुढे धरल्या. रखवालदाराने त्या छोट्या नोटांकडे पाहिलं, कडकशेठकडे पाहिलं आणि त्यांचा दंड धरला!

मॅनेजरच्या खोलीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांची भाषा यांना येईना, यांची त्यांना येईना. कडकशेठनी खुणा केल्या. हवेत इस्त्री फिरवली. बाईंना वाटलं, टेबल पुसतोय. मग बायको गेली हे सांगायला त्यांनी तळहात गालाशी नेला, मान कलती केली, डोळे मिटले. बाईंनी समजुतीने मान हलवली आणि रखवालदाराला काहीतरी सांगितलं. त्याने पाणी आणि एक उशी आणून दिली!

शेवटी खिशातल्या चिठ्ठीवरून जावयाला फोन गेला. तो ऑफिसातून धापा टाकत आला.

"बाबा! काय झालं? त्या म्हणतात, बायको झोपलेली असताना तुम्ही चोरून पैसे छापले!"

"छापायला मी एवढ्याशा छापीन का? विचारा त्यांना! खोट्या नोटा करणारा निदान माप तरी घेईल!"

"मग या अशा कशा?"

"इस्त्री केली."

"नोटांना?"

"मग काय तुम्हाला?"

जावयाने कपाळावरचा घाम पुसला आणि बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतात?"

"विचारतात, का?"

कडकशेठनी समोरची एक नोट बोटाने चाचपली. मग खाली बघत म्हणाले, "सांगा, बायकोने साठवलेले होते. बटणं लावून. तिच्या हातून कधी चुरगळलेली नोट गेली नाही म्हणून. पण त्या घड्या तिच्याच होत्या हो. तिनेच घातलेल्या. जन्मभर मी लोकांच्या कपड्यांच्या घड्या मोडल्या. एवढ्या मोडायच्या नव्हत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

जावयाने हे सगळं सांगितलं की नाही कोण जाणे. पण बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग एकेक नोट उजेडात धरून पाहिली.

"बाबा, नंबर वाचता येतात म्हणतात. मोठ्या बँकेत पाठवतील, तिकडे तपासून पूर्ण पैसे देतील."

"घ्या! मी म्हटलं नव्हतं? रोख ती रोख!"

"पण दीड महिना लागेल. आणि पैसे ज्याने नोटा दिल्या त्याच्याच हातात. पासपोर्ट दाखवून, समोर येऊन."

"दीड महिना? मी तर पुढच्या आठवड्यात निघतोय!"

"तेच म्हटलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, मग निघू नका."

घरी लेक दारातच उभी होती. जावयाने सगळं सांगितलं. कडकशेठ मान खाली घालून चपला काढत होते, काढलेल्या चपला पुन्हा पुन्हा सरळ करत होते. शेवटी त्यांनी वर पाहिलं, तर ती भिंतीला टेकून हसत होती! तोंडावर पदर... छे, ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग पाणी तसंच राहिलं आणि हसू थांबलं.

"आणि कार्डाचा आकडा?" तिने नाक पुसत विचारलं. "एक-दोन-तीन-चार आहे, बाबा. तुमच्या लक्षात राहावा म्हणून आईने मुद्दाम तसला ठेवला होता."

कडकशेठ खाली बसले.

"पण तुम्ही निघाला होतात कुठे एवढे पैसे घेऊन?"

मग खुर्चीची गोष्ट सांगावी लागली. उंच पाठ, दोन हात, बटणांचे पैसे, सगळं. लेक पलंगाच्या कडेवर बसून बाळाला पाजत ऐकत होती.

"कोपऱ्यावरच्या दुकानातली?" ती म्हणाली. "मी बसून पाहिलीये त्या खुर्चीत. हात इतके उंच आहेत, की बाळाचं डोकं आपटतं. मला इथेच बरं वाटतं."

"पाठ दुखेल."

"दुखते. आईचीही दुखायची. पण बसायची ती अशीच ना?"

तिने बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. मग जावई फोनवर काहीतरी शोधत शोधत खाकरला.

"बाबा, पैसे हातात घ्यायला तुम्हाला दीड महिना थांबावं लागणार. त्याला तिकिटाची तारीख बदलायला हवी. आणि तारीख बदलायचे पैसे..." त्याने फोन जरा लांब धरला, मग जवळ धरला. "जवळजवळ तेवढेच आहेत. आईंनी साठवले होते तेवढेच. म्हणजे पैसे मिळावेत म्हणून थांबायचं, आणि थांबण्यात ते पैसे संपवायचे! यात आपला फायदा काय?"

कडकशेठनी लेकीकडे पाहिलं. ती बाळाकडे बघत होती, पण कान इकडेच होते.

"फायदा कसला, जावईबापू?" ते म्हणाले. "सगळा तोटाच आहे. तारीख बदलून टाका."