शफीकभाईंचा गॅसवाला जनरेटर

जनरेटर घ्यायचा ठरला तो कुल्फीपायी. रिठदच्या इंद्रभानभाऊंनी मुलाच्या लग्नासाठी सिताराला दोनशे कुल्फ्यांची ऑर्डर दिली. एवढी मोठी ऑर्डर तिला आजवर कुणी दिली नव्हती. त्यात मे महिना, आणि वाशीमची लाइन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून तिचे यजमान शफीकभाई चपलांचं दुकान बंद करून जनरेटर पाहायला गेले.

विक्रेत्यानं पेट्रोल किती जळतं, डिझेलचा आवाज किती, गॅस किती तास पुरतो, सगळं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. शफीकभाईंनी एकच विचारलं, "यातलं कोन्तं मांगाले कोनी येत नाही?"

प्रश्न वाटतो तितका खुळा नव्हता. पेट्रोल घरात ठेवलं, की भाचा वसीम बाटली घेऊन हजर. डिझेल ठेवलं, की शेजारच्या धनराजचा ट्रॅक्टर दारात. सिलेंडर मात्र बाटलीतून नेता येत नाही! शेवटी त्यांनी गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारा जनरेटर घेतला, पण पेट्रोलची गोष्ट पोटातच ठेवली. गल्लीत जाहीर केलं, "हा फक्त गॅसवर चालते. पेट्रोल टाकलं का फुटते!"

लग्नाच्या दिवशी दुपारी दोनला गल्लीची डीपी जळाली आणि लाइन गेली. कुल्फ्या न्यायला गाडी सहाला येणार होती. शफीकभाई मात्र खुशीत. त्यांनी गल्ली गोळा केली, बाह्या सारल्या आणि जनरेटरची दोरी ओढली. दहा वेळा ओढली. अकराव्या वेळी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला (चप्पल त्यांच्याच दुकानातली, गॅरंटीची).

"नमराचे अब्बा," सितारा नवऱ्याला हळूच म्हणाली, "त्या सिलेंडरात काई नाही."

"काहून? भरेल होता ना!"

"चाळीस लिटर दूध मी का उन्हात आटवलं? घरातला सरला, मंग हा लावला."

कुल्फी टिकवायचा गॅस कुल्फी करण्यातच संपला होता. सितारानं फ्रीजर किंचित उघडून पाहिला. वरच्या कुल्फ्या मऊ पडू लागल्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून शफीकभाई भाच्याकडे वळले.

"वसीम, गाडीतलं पेट्रोल काढ!"

"मामू, पेट्रोलनं फुटते ना थो?"

"नाही फुटत."

"तुमीच तं सांगतलं!"

"खोटं सांगतलं होतं मी! आता काढतं का?"

गल्ली पोट धरून हसली. पण हसता हसताच वसीमनं मोटरसायकलची टाकी रिकामी केली. धनराजनं बायकोची स्कूटी आडवी केली. समोरच्या सोनीबाईनं तर फवारणीच्या पंपातलं काढून आणलं. जनरेटर पहिल्याच झटक्याला सुरू झाला, आणि सहा वाजता दोनशे कुल्फ्या टणक अवस्थेत रिठदला निघाल्या. सिताराच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की शफीकभाई तुटकी चप्पलही विसरले.

जास्तीच्या कुल्फ्या तिनं पेट्रोल देणाऱ्यांना वाटल्या. रांगेच्या शेवटी शफीकभाईंनीही हात पुढे केला.

"तुमी किती देल्लं पेट्रोल?" सितारानं विचारलं.

शफीकभाईंनी कोपऱ्यातल्या आपल्या स्कूटरकडे पाहिलं. परवा ती रस्त्यात कोरडी पडली, तेव्हा वसीमनंच ढकलत घरी आणली होती.

"मामूले नोको देऊ, मामी," कुल्फी चोखत वसीम म्हणाला. "ते फक्त गॅसवर चालतात."