आठच्या चर्चेवरील स्वारी

थोरल्या सूनबाईंचा हुकूम जाहला की, बैठकीच्या खोलीतील टीव्ही ऐन चर्चेत कैसा बंद पडला, ती हकिकत काही न लपविता लिहावी. त्यावरून लिहिले, ते येणेप्रमाणे.

घरचे धनी, निवृत्त हेडक्लार्क, सर्व विषयांचे जाणकार, यांचा रिवाज ऐसा की, आठ वाजताच सोफ्याचे तख्ती बसावे, रिमोट मांडीखाली दाबावा, पडद्यावरील चौकटींतून विद्वान एकसमयी ओरडू लागले की त्यांहून वरचा सूर लावावा, आणि मग तेच मत मोबाइलावरून कुटुंबाच्या ग्रुपास रवाना करावे. युद्ध, महागाई, हवामान, नवे फोन, कोणासही माफी नव्हती. बाईसाहेब पलीकडच्या खुर्चीवर बसत. त्यांस डॉक्टरांनी डोळ्याचे ऑपरेशन सांगितले होते, आणि त्यांस भय वाटत होते, आणि ते यजमानांच्या कानी घालावे इतकाच मनसुबा होता. परंतु सकाळी वर्तमानपत्राचा अंमल, दुपारी निद्रेचा, आणि संध्याकाळी चर्चेचा. अर्ज गुजरावयास फट म्हणून सापडेना.

मग बाईसाहेबांनी सूनबाईंस वकिलीस पाठविले. तह जाहला की आवाज दोन घरे खाली यावा. तो आला, आणि पहिल्याच जाहिरातीनंतर चार घरे वर गेला. मग बाईसाहेबांनी रिमोटाची रसद तोडिली, म्हणजे सेल काढून डाळीच्या डब्यात दडविले. धन्यांनी तत्काळ भिंतीवरील घड्याळ लुटिले आणि त्याचे सेल रिमोटात भरिले. घड्याळ आठावर ठार जाहले, आणि तेव्हापासून घरात अष्टौप्रहर चर्चेचीच वेळ राहिली. बाईसाहेब त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

मग मसलत फिरविली. धनी समोरच्याचे ऐकत नाहीत, परंतु ग्रुपावरील मजकुरास जबाब दिल्यावाचून राहत नाहीत, हे जाणून बाईसाहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या खलिता धाडिला: ‘बुधवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय. कुणी सोबत येईल का?’

सोफ्यावर मोबाइल वाजला. धन्यांचा शिरस्ता ऐसा की, आधी मत द्यावे, मग सवड जाहल्यास वाचावे. त्यांनी जबाब ठोकिला: ‘साफ खोटं आहे. लोकांना घाबरवायचे धंदे बंद करा.’

त्याबरोबर चहूकडून फौजा उठल्या. मेहुण्यांनी लिहिले, ‘अहो दाजी, ताईने काय लिहिलंय ते वाचा तरी!’ लेकीने लिहिले, ‘बाबा, काय हे?’ मग धन्यांनी चष्मा लाविला आणि वाचिले, आणि फिरून वाचिले, आणि तोंड एवढेसे जाहले. मांडीखालून रिमोट निघाला. विद्वान बोलता बोलता गडप जाहले.

‘अगं, मला सांगायचंस ना.’

‘सांगतच होते. तुम्ही ओरडत होतात.’

‘कुणावर?’

‘ते तुम्हालाच ठाऊक.’

मग धन्यांनी हळूच विचारिले की त्यात फार दुखते काय. बाईसाहेब म्हणाल्या, कोणास ठाऊक.

‘मलाही नाही गं माहीत,’ ऐसे शब्द धन्यांच्या मुखातून हयातीत प्रथमच निघाले, आणि ते तख्त सोडून बाईसाहेबांच्या खुर्चीपाशी येऊन बसले.

येणेप्रमाणे टीव्ही सर जाहला. बुधवारी उभयता बरोबर गेली, आणि डोळा सलामत परत आला. फत्ते बाईसाहेबांची. धनी पाडाव जाहले. इस्पितळाच्या दारात धरिलेला बाईसाहेबांचा हात ते घर येईतो सोडीत नव्हते.