मृत्यूची तारीख भरणे अनिवार्य

"माणूस गेला असं छापण्याआधी त्याच्या घरी फोन लावायचा. त्यानं स्वतः उचलला, तर छापायचं नाही."

निधनवार्तांच्या टेबलावर मला बसवताना आमच्या तेव्हाच्या संपादकांनी, म्हणजे सरांनी, एवढंच सांगितलं होतं. सकाळचा जप चुकवत नाही, तसा पुढली बावीस वर्षं हा फोनही मी चुकवला नाही. तीन जणांनी स्वतः उचलला. त्यातले एक अजून रस्त्यात भेटले की नमस्कार करतात.

सर निवृत्त झाले आणि वर्तमानपत्र इंटरनेटवर गेलं. बातम्या लवकर सुटाव्यात म्हणून नेमलेल्या नव्या वेगप्रमुखांनी पाहणी केली. फोनमुळे प्रत्येक मृत्यूला सरासरी चार मिनिटं उशीर होतो, असं निष्पन्न झालं. फोन काढून नेला. पाठोपाठ आदेश आला: सत्तरी ओलांडलेल्या सर्व मान्यवरांचे मृत्युलेख आगाऊ तयार ठेवावेत.

सरांचा लेख मी मनापासून लिहिला. पण संगणक तो ठेवून घेईना. मृत्यूची तारीख भरणे अनिवार्य होते. मी त्यांच्या शंभराव्या वाढदिवसानंतरची घातली. पुढची तारीख चालत नव्हती. मागची घालावी तर कालच त्यांच्याशी बोलले होते. ते धडधडीत खोटं झालं असतं.

"ताई, आजची टाका हो," वेगप्रमुख म्हणाले. "नुसती जागा भरायचीय."

मी देवाची क्षमा मागितली आणि आजची तारीख टाकली. तारीख आजचीच आहे हे पाहून संगणकानं बरोबर अकरा वाजता लेख आपणहून प्रसिद्ध केला.

अकरा वाजून सहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर सर होते.

"मी गेल्याचं वाचलं," ते म्हणाले. "शीर्षक लांब झालंय."

मग त्यांचा आवाज उतरला. त्यांची थोरली बहीण, अक्का, नव्वदीला टेकलेल्या, काळजानं नाजूक. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. संध्याकाळी साडेसहाला सून कामावरून आली की ती त्यांना आमच्या बातम्या वाचून दाखवते.

"त्याआधी तेवढं काढ," सर म्हणाले. मी शब्द दिला.

वेगप्रमुखांना मी सगळं शब्दशः सांगितलं. त्यांनी शांतपणे टिपून घेतलं. चाळीस हजार लोक वाचत असताना बातमी काढायची नाही, असं धोरण होतं. अपवाद होता, पण त्यासाठी मृताच्या नातेवाइकाचा अर्ज हवा. मृताचा स्वतःचा ग्राह्य नाही. शिवाय बातमीला आता पाच ठिकाणांहून दुजोरा मिळाला होता. पाचही ठिकाणी हवाला आमचाच होता.

नातेवाइकाचा अर्ज मिळावा म्हणून सरांनी अक्कांच्या सुनेला फोन केला. "मी मामा बोलतोय" म्हणताच तिनं तो कापला. गेलेल्या माणसांचे आवाज काढून फसवणारे हल्ली फार झालेत, हे तिनं आमच्याकडेच वाचलं होतं.

दुपारी 'सरांचे अखेरचे शब्द' आले: 'शीर्षक लांब झालंय.' त्यात सगळं आयुष्य सामावलं आहे, असं एका प्राध्यापकांनी बाराशे शब्दांत लिहिलं.

चार वाजता सर स्वतः जिना चढून आले. त्यांना श्रद्धांजली म्हणून कचेरी दोन मिनिटं स्तब्ध उभी होती. शिस्तीचा माणूस; तेही उभे राहिले. मग वेगप्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली, फोटो काढला आणि 'ज्येष्ठ संपादक जिवंत? धक्कादायक सत्य जाणून घ्या' अशी बातमी सोडली. ती अकरा जणांनी उघडली. त्यातले आठ आम्हीच होतो.

"काळजी करू नका," वेगप्रमुख म्हणाले. "ती वर सरकते आहे. परवापर्यंत अक्कांकडे पोचेल."

सर बराच वेळ स्वतःचा मृत्युलेख पाहत बसले. मग हळूच मला म्हणाले, "मीच गेलो असतो गं. पण मी एकदम दारात उभा राहिलो, तर ती तिथल्या तिथे जायची. आधी तू जा."

साडेपाच झाले होते. मोबाइल उघडला, तर सरांच्या निधनाची बातमी मला तुमच्याकडूनही आलेली होती, जोडलेल्या हातांसकट. ती वाचून पाठवलीत की तशीच, हे मी विचारणार नाही. दुसरी बातमी मात्र तुमच्याकडून अजून आलेली नाही.

मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि सरांना एक जिना मागून यायला सांगून अक्कांकडे निघाले.